उसवतां येणारी चूक

मनुष्य स्खलनशील आहे, असें म्हणून आपण स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या चुकांवर पांघरूण घालीत असतों. हें औदार्य वाईट नाहीं. परंतु या एका वाक्यानें आपण दोन निराळ्या जातींच्या चुका एकाच दाव्याला बांधतों, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कांहीं चुका उसवतां येतात. कांहीं येत नाहींत. हा भेद मला कोणत्याही ग्रंथानें शिकविला नाहीं. वसईच्या एका वाडींत, माझ्या वडील वहिनींच्या ओटीवर बसून, तो मला हळूहळू कळला. आणि तो कळण्यासाठीं जें मोल पडलें तें मीं दिलें नाहीं, दुसऱ्याच एका जीवानें दिलें.

ज्यांनीं वसई आगगाडीच्या खिडकींतून पाहिली आहे त्यांना तेथें वाडी म्हणून कांहीं असेल असें वाटणार नाहीं. २०११ च्या शिरगणतींत वसई-विरार शहराची वस्ती १२ लक्ष २२ हजारांवर गेली होती. स्टेशनांच्या आसपास इमारतींवांचून दुसरें कांहीं दिसत नाहीं. पण तेथून पश्चिमेस समुद्राच्या बाजूला, निर्मळ, भुईगांव, आगाशी या गांवांकडे वळलें म्हणजे अजूनही केळीच्या बागा, नारळ, सोनचाफा आणि दगडांनीं बांधलेल्या जुन्या विहिरी दृष्टीस पडतात. या विहिरींवर एके काळीं रहाट चालत. त्यांची कुरकुर ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालों. आतां त्या जागीं पंप आहेत. आमची वाडी अर्ध्या एकराहून थोडी अधिक. तींत एक गाय, दोन शेळ्या, आठदहा कोंबड्या, आणि हें सर्व सांभाळणाऱ्या वहिनी. दादा गेल्यापासून त्या एकट्याच हें करीत आल्या आहेत. मी मुंबईची नोकरी संपवून तेथें राहावयास गेलों तो मदतीसाठीं. निदान मी तरी तसें सांगत असें.

वहिनींना लोकरीचें विणकाम शेजारच्या एका ख्रिस्ती वृद्धेनें शिकविलें. तिला सारी आळी मावशी म्हणे. लहानपणीं ती जोगिणींच्या शाळेंत विणावयास शिकली होती. वसईंत पायमोजे घालणार कोण? येथें माघांतल्या पहांटेलाही एका चादरीवर भागतें. परंतु वहिनींची मुलगी टोरांटोस गेली, तिला मुलगा झाला, आणि त्या दिवसापासून वहिनींच्या मांडीवर लोकरीचा गुंडा आला तो आजतागायत उतरलेला नाहीं.

स्वेटरापेक्षां मोजा अवघड, असें त्यांचें मत आहे, आणि विणतांना पाहिल्यावर तें मला पटलें. तीन सुयांवर टाके वांटलेले असतात आणि चौथी सुई त्यांच्यामधून फिरत राहते. मुलाच्या मोज्याला ४८ टाके; घोट्यापर्यंत नळीसारखें वाटोळें विणीत यावयाचें. मग निम्म्या, म्हणजे २४ टाक्यांवर टाच विणावयाची. आणि ती वळवितांना ओळ पुरी न करतां मध्येंच उलट फिरावयाचें, पुढच्या खेपेस एक टाका अधिक घ्यावयाचा, पुन्हा फिरावयाचें. या येरझारांतूनच सपाट विणीला वाटीसारखा खोलगटपणा येतो. येथें एक टाका चुकला तर लगेच कळत नाहीं. चार बोटें पुढें गेल्यावर कळतें. एकदां असेंच झालें, आणि वहिनींनीं निमूटपणें सुया काढून घेऊन तीन संध्याकाळचें काम ओढून टाकलें.

“वहिनी, टाचेखालचा टाका कोणाला दिसणार आहे?” मीं विचारलें.

“दिसायचा नाहीं, भावोजी. बोंचेल.”

उसवलेली लोकर सरळ राहत नाहीं; जुन्या टाक्यांच्या वळ्या तींत टिकून असतात, आणि तशीच विणली तर वीण खडबडीत होते. म्हणून वहिनी ती पाण्यांत भिजवून पेरूच्या फांदीवर टांगतात आणि खालीं एखादें हलकें वजन लावतात. दोन दिवसांनीं धागा पूर्वीसारखा होतो. लोकर मागचें विसरते खरी, पण तिलाही पाणी आणि दोन दिवस द्यावे लागतात.

या उद्योगाला पुष्कळ लोक स्वावलंबन म्हणतील. मी म्हणणार नाहीं. लोकर बाजारांतून येते, गाईची पेंड दुकानांतून येते, आणि मोज्याचें टपाल मोज्यापेक्षां महाग पडतें. १५८९ सालीं इंग्लंडांत विल्यम ली नांवाच्या पाद्र्यानें मोजे विणण्याचें यंत्र काढलें, तेव्हां हातानें विणून पोट भरणाऱ्या गरिबांचें काय होईल या काळजीनें राणी एलिझाबेथनें त्याला सनद नाकारली, अशी कथा सांगतात. राणीची काळजी खरी असो वा नसो, यंत्रानें आपलें काम केलें. आणि आज हातानें मोजा विणणें हें काटकसरीचें लक्षण राहिलेलें नाहीं. वहिनींनाही हें ठाऊक आहे. तेव्हां त्यांच्या कामाचें समर्थन हिशेबाच्या वहींत शोधूं नये.

आतां गाईची गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगणें मी बरेच दिवस टाळलें आहे.

गाईचें नांव चांदी. तिचें दुसरें वेत होतें तेव्हां, आषाढांत, वहिनींची बहीण आजारी पडली व त्या तीन दिवसांसाठीं नाशिकास गेल्या. धार काढण्याचें काम माझ्याकडे आलें. लहानपणीं मीं तें केलेलें होतें. हात अगदींच अडाणी नव्हते. पहिल्या संध्याकाळीं घाईंत मीं कास पुरती रिकामी केली नाहीं. दुसऱ्या संध्याकाळीं पावसानें इतका जोर धरला कीं ओटीवरून गोठा दिसेना. मी पुस्तक वाचीत पडलों होतों. एक वेळ राहिली तर काय बिघडतें, असें मनाशीं म्हटलें. आणि गोठ्यांतली ओली घाणही तशीच राहूं दिली. सकाळीं पाहतों तों मागचा डावा सड तापलेला, कास दगडासारखी, आणि दुधांत गुठळ्या. रस्त्यावर पाणी असल्यामुळें गुरांचे डॉक्टर दुसऱ्या दिवशीं आले. त्यांनीं इंजेक्शनें दिलीं, गाय वांचली. सड गेला तो गेला.

वहिनी परत आल्या, त्यांनीं कासेवरून हात फिरविला, आणि मला एक शब्द बोलल्या नाहींत. त्या बोलल्या असत्या तर बरें झालें असतें. पुढें कित्येक वर्षें रोज दोन वेळां मी पाहत आलों: त्या तीन सड पिळीत आणि चौथ्यावरून नुसता हात फिरवून उठत. एकदां न राहवून मीं त्यांना नुकसानीचे पैसे देऊं केले. त्या म्हणाल्या, “मला कशाला देतां, भावोजी? सड माझा का गेला? आणि जिचा गेला ती तर मागत नाहीं.”

या उत्तरानें मला जितका विचार करावयास लाविलें तितका नीतिशास्त्रावरील कोणत्याही ग्रंथानें लाविलेलें नाहीं. अपराधाची फेड करण्याचे आपणांस तीन मार्ग ठाऊक आहेत: भरपाई करावी, क्षमा मागावी, किंवा शिक्षा भोगावी. तिन्हींना पलीकडे कोणीतरी घेणारा लागतो. चांदीनें तर दुसऱ्याच दिवशीं माझ्यापुढें मान लांब केली, नेहमींसारखी गळ्याखालीं खाजविण्यासाठीं. ही क्षमा नव्हे. ज्यानें मनांत राग धरला त्यालाच तो सोडतां येतो. जर्मन तत्त्वज्ञ कांट याचें म्हणणें असें कीं, मुक्या प्राण्यांविषयींचीं आपलीं कर्तव्यें हीं वस्तुतः मनुष्याविषयींचींच कर्तव्यें होत. जो जनावरांशीं निष्ठुर होतो तो माणसांशींही निष्ठुर होऊं लागतो, म्हणून तसें वागूं नये. कॉलेजांत असतांना हें मला फार समंजसपणाचें वाटलें होतें. पण तें खरें असेल तर माझें देणें वहिनींचें होतें, आणि त्यांनीं तें सोडून दिल्याबरोबर खातें बंद व्हावयास पाहिजे होतें. तें झालें नाहीं. खातें चांदीच्या नांवावर होतें, आणि तिला तें वाचतां येत नव्हतें.

मनुस्मृतींतील पुष्कळ गोष्टी आज कोणीं मानूं नयेत असेंच माझें मत आहे. तथापि तिच्या अकराव्या अध्यायांत गोवधाचें जें प्रायश्चित्त सांगितलें आहे त्यांत एक मर्म आहे. अपराध्यानें तीन महिने गाईंच्या मागून हिंडावें. त्या उभ्या राहिल्या तर उभें राहावें, बसल्या तर बसावें. मेलेली गाय यानें उठत नाहीं. येथें भरपाईची भाषाच नाहीं. जवळ राहावें, एवढेंच आहे.

वहिनींना मी साध्वी ठरवीत आहें असें कोणीं समजूं नये. शेळीला बोकड झाला कीं त्या त्याला नांव देत नाहींत. पाटीला देतात, बोकडाला नाहीं. कारण पाट राहणार असते व बोकड पांचसहा महिन्यांनीं विकावयाचा असतो. विकत घेणारा त्याचें काय करतो हें सर्वांनाच ठाऊक आहे. मीं एकदां छेडलें तेव्हां त्या चिडल्या. “चारा काय आभाळांतून पडतो?” एवढेंच म्हणाल्या. नांव न देण्यानें बोकडाचें दुःख तिळभरही कमी होत नाहीं. कमी होतें तें आपलें. ही लबाडी आहे का? आहे, असें मला वाटतें. पण जो गृहस्थ मुंबईंत मटण कागदांत बांधून आणतो, त्याला ही एवढी लबाडी करण्याचीही गरज पडत नाहीं.

आमच्या वाडीपासून फार दूर नाहीं अशा ठिकाणीं एका राजानेंही हा प्रश्न दगडावर खोदवून ठेवला होता. सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा भगवानलाल इंद्रजींना १८८२ सालीं मिळाला, आणि नवव्याचा १९५६ सालीं भुईगांवांत. हा नववा लेख मला विशेष प्रिय आहे. लग्नाकार्यांत, प्रवासास निघतांना लोक, विशेषेंकरून बायका, नाना प्रकारचे मंगलविधि करतात. त्यांचें फळ थोडें, असें राजा म्हणतो, आणि खरें मंगल कोणतें तें सांगतांना नोकरचाकरांशीं नीट वागण्याबरोबर प्राणिमात्राविषयीं संयम हेंही सांगतो. संयम म्हणजे सर्वस्वीं वर्ज्य करणें नव्हे. अन्यत्र सांपडलेल्या पहिल्या लेखांत त्यानें स्वतःच्या मुदपाकखान्याची कबुली दिली आहे: पूर्वीं तेथें लक्षावधि प्राणी मारले जात, आतां दोन मोर आणि एक हरीण, तेंही हरीण नेहमीं नाहीं; पुढें हेही मारले जाणार नाहींत. आम्ही एकही मारीत नाहीं, असें त्याला लिहितां आलें असतें. तें त्यानें लिहिलें नाहीं. तीन प्राण्यांचा तो आंकडा मला त्याच्या सर्व उपदेशापेक्षां अधिक विश्वासार्ह वाटतो.

गेल्या दोन वर्षांपासून आमच्या घरांत वाडी विकण्याची बोलणीं चाललीं आहेत. शेजारच्या जागेंत मातीचा भराव पडला, त्यामुळें पावसाळ्यांत तिकडचें पाणी आमच्या केळींत येऊन उभें राहतें. टॅंकरांनीं पाणी उपसल्यामुळें विहिरी खाऱ्या होतील, शेती बुडेल, हें भय येथें नवें नाहीं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढारीपणाखालीं हरित वसईची चळवळ उभी राहिली ती याच भयांतून. पुतण्या वाईट मुलगा नाहीं. रोज पहांटे विरार लोकलमध्यें उभा राहून जाणाऱ्यानें केळीच्या घडांचा हिशेब करूं नये असें मी कोणत्या तोंडानें सांगूं? मीच तीस वर्षें ही वाडी सोडून मुंबईंत काढलीं. तो म्हणतो, “काका, आतां विकूं. पुढें वाटलें तर त्या पैशांत आंत वाड्याकडे दुसरी जमीन घेतां येईल.” त्याचें हें वाक्य मोज्याच्या जातीचें आहे, आणि जमीन, मला भीति वाटते, चांदीच्या जातीची आहे. भरावाखालीं गेलेली माती पेरूच्या फांदीला टांगून सरळ करतां येत नाहीं. हें मीं त्याला सांगून पाहिलें. तो ऐकून घेतो, व मग विचारतो, “आणि चांदीचें काय करायचें?”

चांदी आतां म्हातारी झाली. चार वर्षें तिला दूध नाहीं. तिला पांजरपोळांत पोंचवावी असा एक विचार निघाला. मुंबईची पांजरपोळ १८३४ सालीं निघाली. अशा संस्थांनीं मोठें काम केलें आहे, आणि ज्याला खरोखरच उपाय नाहीं त्यानें तेथें जावें. मला उपाय आहे. माझे हातपाय अजून चालतात. पावसाळा संपेपर्यंत निर्णय करूं नये एवढेंच सध्यां ठरलें आहे.

काल संध्याकाळीं वहिनी ओटीवर बसून दुसऱ्या पायाचा मोजा विणीत होत्या. नातू आतां आठ वर्षांचा झाला. टाके ४८ चे ५६ झाले आहेत. दोन सुयांच्या सांध्यावर एक टाका सुटून तीन ओळी खालीं घसरला होता. आंकडीच्या सुईनें त्या तो एकेक पायरी वर घेत होत्या. मान वर न करतां त्यांनीं विचारलें, “भावोजी, चांदीला पाणी दाखवलें का?”

मीं दाखविलें नव्हतें. पाऊस येण्याच्या बेतांत होता. मी पुस्तक खालीं ठेवून उठलों.