उपकार आणि उत्तरदायित्व

यवतमाळचे साहित्य संमेलन 2019च्या जानेवारीत झाले. त्याच वर्षी पुढच्या, उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली आणि ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान कशासाठी, असा आक्षेप निघाला. आक्षेप क्षुद्र होता, त्यावर शाई खर्चायचे कारण नाही. मला खुपले ते त्याला मिळालेले उत्तर. फादरांचा धर्म बाजूला ठेवा, हरित वसईसाठी ते कसे लढले ते पाहा, ‘सुबोध बायबल’चे मराठी पाहा, असे त्यांचे पाठीराखे सांगत राहिले. ज्या दीक्षेवर माणसाने उभा जन्म ओवाळून टाकला, ती वजा करूनच त्याचा सत्कार करायचा, हा कुठला न्याय?

ही वजाबाकी आपल्या अंगवळणी पडली आहे. फादर स्टीफन्स ‘ख्रिस्तपुराणा’पुरते उरले, बाबा पदमनजी ‘यमुनापर्यटना’पुरते, रेव्हरंड टिळक फुलामुलांच्या कवितेपुरते. यवतमाळ जिल्ह्यात उमरीच्या मिशन दवाखान्याचे नाव आदराने निघते. पण 1953 साली यवतमाळात उभी राहिलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 साली पुण्याला जाईपर्यंत तीस वर्षे देशभरच्या मंडळ्यांसाठी पाळक घडवत होती, याचा गावाला अभिमान वाटल्याचे मी तरी ऐकलेले नाही. दवाखाना आपल्या उपयोगाचा होता. पाळक त्यांचे होते.

मिशनरी म्हणजे साम्राज्याचे हस्तक, हे मत फार वेळ घेत नाही. 1813 साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना परत पाठवायला कंपनी सरकारच निघाले होते, एवढे सांगितले तरी पुरे.

सेवेचा युक्तिवाद मात्र सज्जन आहे, म्हणून जास्त घातक. तो म्हणतो, धर्मगुरूने किती रोगी बरे केले, किती मुले शिकवली, ते मोजा. बाकीचे त्याचे खासगी. पण रोग्यांची सेवा करायला दीक्षा लागत नाही. शेजारच्या वरोऱ्यात बाबा आमट्यांनी आनंदवन उभे केले ते काही धर्मपीठाच्या आज्ञेने नव्हे. म्हणजे या मापाने धर्मगुरू मोजलाच जात नाही, मोजला जातो त्याच्या ठिकाणी कल्पिलेला समाजसेवक. शिवाय सेवेत देणारा वर आणि घेणारा खाली, हे नाते सहसा सुटत नाही. खाटेवरचा रोगी डॉक्टरला जाब विचारत नाही, तो हात जोडतो. मंडळीचे तसे नसते. पाळकाचे प्रवचन पोकळ झाले, मयताच्या घरी तो उशिरा पोहोचला, भांडणात एका घराकडे झुकला, तर मंडळी त्याला तोंडावर विचारते. उपकार करणारा कृतज्ञतेचा धनी होतो. पाळक उत्तराचा देणेकरी असतो. धर्मगुरूंच्या चरित्रात हा एक फरक पाहायला हवा, आणि नेमका तोच कोणी पाहत नाही.

टिळकांचेच घ्या. 1893 साली राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना अर्नेस्ट वॉर्ड भेटले. ज्या फ्री मेथडिस्ट मिशनने पुढे यवतमाळात ठाण मांडले, त्याच मिशनचे हे गृहस्थ. कवितेवर बोलणे झाले, वॉर्डनी नवा करार हाती दिला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. ही गोष्ट सगळे रंगवून सांगतात. पण 1895 साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो रेव्हरंड तुकाराम नथोजी या इथल्याच पाळकाच्या हातून, आणि तेही स्वतः आग्रह धरून. या गोष्टीशी कोणी थांबत नाही. पुस्तक परक्याकडून घेता येते. आपला धर्म मात्र ज्यांच्यात राहायचे, त्यांच्या साक्षीने स्वीकारायचा असतो, हे टिळकांनी पहिल्याच दिवशी ओळखले होते. 1917 साली मिशनचा पगार सोडून साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, तोही याच ओळखीतून. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती.

मिशनचा पगार घेणारे सगळेच मिंधे होते, असे मी म्हणणार नाही. अनेकांनी तो पगार मंडळीच्या पायाशी ओतला. दरबारही 1919 साली टिळक गेल्यावर तग धरू शकला नाही. तरी मला तो रेव्हरंडांचा पराभव वाटत नाही. परदेशातल्या बोर्डाला हिशेब द्यायचा की समोर बसलेल्या माणसांना, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या भाकरीच्या किमतीवर सोडवला. त्यांच्या कवितेवर आपण प्रेम करतो ते ठीकच आहे. पण त्यांची थोरवी या निर्णयात आहे.

यवतमाळच्या ख्रिस्ती इतिहासाला उद्या कोणी हात घातला, तर त्याने दवाखान्याच्या खाटा जरूर मोजाव्यात. पण सेमिनरीतून बाहेर पडलेले पाळक कोणत्या मंडळीत गेले, तिथे किती काळ टिकले आणि त्या मंडळीने त्यांना काय सुनावले, हेही शोधावे. धर्मगुरूला धर्मगुरू म्हणून मोजण्याची हिंमत आपल्यात येईल, तेव्हाच त्याच्यावर टीका करण्याचा अधिकारही आपण कमावलेला असेल.