हात न लागलेलं अस्वल

गड्यांनो, प्रश्न क्षुल्लक वाटेल. पोराच्या हातानं खेळणं मळलं तर त्याची किंमत कमी होते का? हसू नका. मला यात विटाळाचा हिशेब दिसतो.

मुंबईहून तलवाड्याला येताना मी पुतणीला एक मऊ अस्वल आणलं. महागाचं. हातात दिलं आणि वर हुकूम सोडला, "फडावर नेऊ नको, मळंल. कपाटात ठेव." पोरगी म्हणाली, "मंग तात्या, आणलं कशाला?"

मी गप्प. चळवळीत इतकी वर्षं भाषणं ठोकली, पण याला उत्तर सुचेना.

1993 साली टाय नावाच्या अमेरिकन कंपनीनं बीनी बेबीज ही खेळणी काढली. तळहाताएवढी, आत दाणे भरलेली, पाचेक डॉलरची. कंपनी मुद्दाम एकेक नमुना बंद करायची. मग मोठी माणसंच पिसाळली. पाच डॉलरच्या खेळण्याला शेकडो डॉलर मोजू लागली. अट एवढीच, की लाल बदामाची चिठ्ठी शाबूत पाहिजे आणि पोराचा हात लागलेला नको. त्या चिठ्ठीलाही लोकांनी प्लॅस्टिकची डबी घातली! 1999 नंतर भाव कोसळला, ते सोडा. कापड तेच, शिलाई तीच. चिठ्ठी आहे तर दाम, नाही तर चिंधी. जन्मासोबत चिकटवलेल्या चिठ्ठीवर माणसाचा भाव करणाऱ्या मुलखात आपण वाढलो. आपल्याला हे कुणी फोड करून सांगायला नको.

पण खरी लबाडी पुढंच आहे. 'हात न लागलेलं' म्हणतात, तर मग ते शिवलं कुणी? शिवणारीचा हात हिशेबातच धरत नाहीत. त्याच 1993 च्या 10 मे रोजी बँकॉकजवळ केडर कंपनीच्या खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली. 188 माणसं मेली. बहुतेक खेड्यातून आलेल्या तरण्या बाया, मऊ बाहुल्या शिवणाऱ्या. बाहेर पडायची दारं कुलूपबंद होती. ही आग त्या अमेरिकन कंपनीच्या माथी मारायची नाही मला. एवढंच म्हणतो, की त्या बायांचे हातही कुठल्याच चिठ्ठीवर नव्हते.

आता मुंबईत या. हॅम्लेज हे लंडनचं खेळण्यांचं दुकान 1760 सालचं. त्याची मुंबईतली शाखा 2010 साली लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागेत उघडली. 2019 साली रिलायन्सनं ती अख्खी साखळी सुमारे 620 कोटींना घेतली. साहेबाचं दुकान देशी शेठनं घेतलं म्हणून टाळ्या पडल्या. मी जागा बघतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला मज्जाव. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, आणि आपल्या ओठाचा धागा सवर्ण कामगाराला चालत नव्हता. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हे उघड मांडलं. लाल बावट्यावाल्यांनाही ते ऐकावं लागलं. 1982 च्या संपानंतर गिरण्याच गेल्या. आता तिथल्या दुकानात पोरांच्या हाती खेळणी देतात, खेळून दाखवतात. खरं आहे, हात लावायला मनाई नाही. पण खिशात काय असलं म्हणजे आत शिरायचं धाडस होतं, ते तुम्हीच सांगा.

आणि मी? ऊसतोडीला जाणाऱ्या पोरीला मीच म्हणालो, मळंल. म्हणजे तिच्या हाताला मळ समजलो. (आपल्या वाचनालयातले बाबासाहेबांचे खंड आठवा. किती जण प्लॅस्टिक काढून वाचतात?)

दुसऱ्या दिवशी कात्रीनं चिठ्ठी कापली. दसऱ्यानंतर टोळी निघाली तेव्हा मुकादमाच्या ट्रकमध्ये, भांड्यांच्या बोचक्यावर अस्वल बसलेलं होतं. परवा वहिनीचा फोन आला. त्याचा एक डोळा गेलाय, पाचटाचा रंग चढलाय, आणि शेजारच्या कोपीतली पोरं ते पाळीपाळीनं कडेवर घेऊन हिंडतात.