शेवटचा हात

पेणहून रोह्याला आम्ही शिक्षक ज्या व्हॅनने जातो, तिच्या सरकत्या दरवाजाच्या लॅचचा लिव्हर परवा माझ्या हातात मोडला. चालकचाचा म्हणाले, "सर, भरपाई तुमची."

वस्तू मोडते ती शेवटच्या हाताच्याच नावावर का जावी? भाडे देऊन वापरलेली वस्तू अमानत असते. हयगय किंवा ज्यादती नसेल तर भरपाई नाही, असे फिकह सांगते. मी सुटलो होतो.

पण तुटलेली कड पाहिली. निम्मी पांढरी, ताजी. निम्मी काळवंडलेली, जुनी. महिनाभर तो लिव्हर माझ्या बोटांखाली लवत होता आणि मी गप्प होतो. हयगय आणखी वेगळी काय असते?

नव्या लिव्हरचे निम्मे पैसे मी दिले. निम्मे चाचांनी, तोच दरवाजा तेही रोज ओढत होते.