बंद खिडकीचं ऊन

नागपुरात मे महिन्यात ऊन घराबाहेर ठेवणं हाच निम्मा संसार. नऊच्या आत खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलरला वाळ्याच्या ताट्या. बाहेर पडायचंच तर तोंडाला दुपट्टा आणि खिशात कांदा. घरात इंद्रधनुष्य पाडायला मात्र नेमकी अशीच कोंडलेली खोली लागते. १६६६च्या सुमारास न्यूटनने खिडकीच्या झडपेला भोक पाडून खोली मुद्दाम अंधारी केली होती. आमच्याकडे ती उन्हाळाभर तयारच असते.

वेळ तेवढी सांभाळावी. नवतपा लागतो त्या सुमारास, २६ मेच्या आगेमागे, सूर्य भरदुपारी थेट डोक्यावर येतो; खिडकीतून तिरीप आत यायचा प्रश्नच नाही. त्यामुळे सकाळी आठला पूर्वेची खिडकी, नाहीतर संध्याकाळी पाचला पश्चिमेची. पुठ्ठ्याला बारीक चीर, चिरेला समांतर धरलेला लोलक, बस्स.

भाचीने लोलकाला खेटूनच कागद धरला आणि हिरमुसली. मध्ये पांढरं, एका काठाला तांबूस-पिवळं, दुसऱ्याला निळं-जांभळं. ‘मामा, हिरवा कुठाय?’ कागद मागेमागे नेला तसा पांढरा पट्टा आकसत गेला आणि सगळ्यांत शेवटी हिरवा उगवला. सूर्य काही ठिपका नव्हे. आकाशात त्याची रुंदी अर्धा अंश भरते. साध्या काचेचा लोलक तांबडा आणि जांभळा यांना जेमतेम एक-दीड अंशाने फोडतो. त्यामुळे जवळ सगळे रंग एकमेकांवर चढलेले असतात. भिंत तीन-चार मीटर लांब असली तर ते मोकळे होतात. न्यूटनची बावीस फुटांवर होती. पुस्तकातल्या चित्रात मात्र लोलकातून निघाल्या निघाल्याच सात पट्टे शिस्तीत उभे! ‘तानापिहिनिपाजा’ घोकलेल्या मला त्यातला पारवा आजवर वेगळा असा दिसलेला नाही. न्यूटनने तरी सात का धरले, तर सप्तसुरांशी मेळ बसावा म्हणून.

मला मात्र रंगांपेक्षा तांबड्यापलीकडची रिकामी भिंत जास्त खुणावते. १८०० साली विल्यम हर्शेलने तिथे थर्मामीटर ठेवला आणि पारा रंगांतल्यापेक्षाही वर चढला. उन्हाचा एक मोठा हिस्सा डोळ्यांना दिसतच नाही, हे नागपूरकराला पटवावं लागत नाही. रात्री दहालाही पश्चिमेची भिंत अंधारात धग फेकत असते. पुढून नुसतं गेलं तरी गालाला कळतं.

भाचीला आता थर्मामीटरच्या फुग्याला काजळ फासून हेही करून बघायचंय. मी डिसेंबरचा वायदा केला आहे. चिरेतून येणाऱ्या इवल्याशा उन्हाने पारा चढून चढणार किती, आणि कूलरचा वारा तेवढंही टिकू देणार नाही. कूलर बंद करून प्रयोग करायला घरातलं कुणी तयार नाही, मीही नाही.