माप कोणाचे?

माझा धाकटा भाऊ पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करतो. ईदला बोईसरला आला तेव्हाही लॅपटॉप उघडून बसला. मी हटकले, तर म्हणाला, "भाईजान, लिहायचे नाही, पुसायचे काम आहे. तपासणीच्या कोडमध्ये आम्ही नको तितक्या लायब्ररी घेऊन ठेवल्यात."

लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला तयार कोड. त्याने २०१६ची गोष्ट सांगितली. 'लेफ्ट-पॅड' हा अवघ्या ११ ओळींचा कोड. मजकुराच्या डावीकडची मोकळी जागा भरणे एवढेच त्याचे काम. मार्च महिन्यात एका नावाच्या वादातून लेखकाने तो सार्वजनिक साठ्यातून काढून घेतला आणि जगभर कितीतरी कामे अडली. आपण त्या ११ ओळींवर उभे आहोत हे अनेकांना ठाऊकही नव्हते.

मी म्हटले, "पण तपासणीचा कोड तर ग्राहकापर्यंत जातही नाही."

"म्हणूनच कोणी बघत नाही. तपासणी नापास झाली तर दोष आमचा की उसन्या मापाचा? आणि मापच चुकून पास झाली, तर कळणार कसे?"

आपल्या तारापूरचेच बघा. १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकी बनावटीच्या. इंधनही तिथूनच यायचे. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर तो पुरवठा अडखळू लागला. अखेर १९८२ साली फ्रान्सकडून इंधन घेण्याचे ठरले. २००५-०६ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या व चौथ्या भट्ट्या मात्र देशातच आखलेल्या, नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या. म्हणून पहिल्या दोन घेणे चूक होते असे मी म्हणणार नाही. त्या वेळी ती गरज होती. प्रश्न गरज नसतानाच्या उसनवारीचा आहे.

ती उसनवारी मीही केली आहे. गेल्या वर्षी वर्गचाचणीसाठी बाजारातला तयार प्रश्नसंच घेतला. २४०चे १५ टक्के किती, असा प्रश्न होता. उत्तरसूचीत ३४ छापले होते. एका मुलीने ३६ लिहिले. मी सूची पाहून फुली मारली. पेपर परत दिल्यावर तिने काही विचारले नाही. निमूटपणे ३६ खोडून ३४ लिहिले. "सरांचे बरोबरच असणार," असे ती शेजारणीला म्हणाली, ते माझ्या कानावर पडले. तेव्हा कुठे मी स्वतः हिशोब केला.

तो हिशोब अर्ध्या मिनिटाचा होता. तेवढे अर्धे मिनिट वाचवण्यासाठी मी माझा न्याय एका अनोळखी छापखान्याच्या हवाली केला होता. शिकणाऱ्याने आधार घ्यावा. त्याशिवाय तो शिकणार कसा? पण दुसऱ्याला बरोबर-चूक ठरवणाऱ्याची जबाबदारी वेगळी. हातातले माप त्याला स्वतः पडताळता आले पाहिजे. जिथे ते जमत नाही तिथे निदान निकाल देण्याची घाई तरी करू नये.

प्रश्नसंच अजून कपाटात आहे. मी तो फेकलेला नाही. पण आता आधी स्वतः गणित सोडवतो, मगच सूची उघडतो. त्या मुलीची मी वर्गासमोर माफी मागितली. ती हसली, खोडलेले ३६ पुन्हा लिहिले. मात्र लिहिण्याआधी तिने माझ्याकडे एकदा पाहिले, परवानगी मागितल्यासारखे. ते पाहणे अजून मनातून जात नाही.