शिलोहाचा बुरूज आणि ११ डिसेंबर

आजचं वाचन: लूक १३:१-९, सोबत योहान ९:१-७



आज ११ डिसेंबर. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच जणांसाठी या तारखेचा अर्थ एवढाच, की नाताळाला दोन आठवडे उरले आणि कॅरलच्या फेऱ्यांचं वेळापत्रक ग्रुपवर आलं. आम्ही कोयनानगरची माणसं मात्र ही तारीख जरा वेगळी मोजतो. १९६७ साली याच दिवशी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी जमीन हलली. ६.३ तीव्रतेचा भूकंप. दोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगरमधली बहुतेक घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. कॅलेंडर काढून बघितलं तर तो सोमवार होता, म्हणजे आदल्या दिवशी आगमनकाळाचा दुसरा रविवार. रविवारी उपासनेत येणाऱ्याची वाट पाहण्याबद्दल ऐकलेली माणसं सोमवारी उजाडायच्या आत उघड्यावर, थंडीत, शेकोटीभोवती बसलेली होती.

माझी आजी त्यांच्यातली. ती या गोष्टीला कधी ‘भूकंप’ म्हणायची नाही, ‘धक्का’ म्हणायची. आमच्याकडे अजूनही तोच शब्द आहे, कारण लहान धक्के आजही बसतात. घरी फोन केला की पाऊस, सिलेंडर आणि धक्का अशाच क्रमाने बातम्या येतात!

आजीने एक गोष्ट मात्र कधी केली नाही. त्या पहाटेची साक्ष देताना ती “देवाने आम्हाला वाचवलं” एवढं म्हणून थांबायची नाही. लगेच शेजारच्या घराचं नाव घ्यायची. त्या घरातली दोन माणसं गेली होती. मग गप्प व्हायची. लहानपणी मला वाटायचं, हिची साक्ष अर्धीच राहते. लूकचा तेरावा अध्याय नीट वाचल्यावर ती साक्ष मला पूर्ण वाटायला लागली.

काय घडतं या उताऱ्यात? काही लोक येशूकडे एक बातमी घेऊन येतात. पिलाताने काही गालीली लोकांना मारलं, तेही ते यज्ञ करत असताना. बातमी सांगणाऱ्यांच्या मनात काय आहे ते येशू ओळखतो: हे लोक जास्त पापी होते म्हणून असं झालं का? त्याचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. पण तो तिथे थांबत नाही. स्वतःहून दुसरी बातमी काढतो. शिलोहातला बुरूज पडला आणि अठरा जण त्याखाली गेले, ते यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते का? पुन्हा नाही.

ही दुसरी बातमी त्याला कोणी विचारली नव्हती, हे लक्षात घ्या. पहिल्या घटनेत निदान एक दुष्ट माणूस आहे, पिलात. दुसऱ्या घटनेत बोट दाखवायला तसा कोणी नाही, फक्त दगड आणि गुरुत्वाकर्षण. आणि आकडा बघा. येशू ‘बरेच लोक’ म्हणत नाही, अठरा म्हणतो. कोणीतरी त्यांना मोजलं होतं, आणि त्याने ते लक्षात ठेवलं होतं.

शिलोह ही जागा पाण्याची. हिज्कीया राजाने गीहोन झऱ्याचं पाणी डोंगर पोखरून शहरात आणलं (२ राजे २०:२०). तो बोगदा साधारण ५३३ मीटर लांब आहे आणि आजही त्यातून पाणी वाहतं. खोदणाऱ्या दोन तुकड्या दोन टोकांनी निघाल्या आणि मध्ये भेटल्या, असं सांगणारा शिलालेख १८८० मध्ये तिथेच सापडला. जीपीएस नाही, लेझर नाही! आम्हा कोयनेच्या लोकांना याचं वेगळंच कौतुक वाटतं, कारण आमचंही गाव पाणी अडवून, सह्याद्री पोखरून ते पश्चिमेला पोफळीकडे नेण्याच्या कामातूनच वसलं. बोगद्याच्या त्या टोकाला शिलोहाचं तळं. तो बुरूज पिलाताच्या पाणीयोजनेच्या कामाशी जोडलेला असावा आणि ते अठरा जण कामगार असावेत, असा तर्क काही भाष्यकार करतात. लूक त्याबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून मी त्यावर भर देणार नाही. पण धरणाच्या वसाहतीत वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर ते अठरा जण हेल्मेट घालूनच उभे राहतात, त्याला इलाज नाही.

आता मुद्द्याचं. येशू “का?” हा प्रश्नच विचारू नका म्हणतोय का? मला तसं वाटत नाही. माझा धंदाच “का?” विचारण्याचा आहे. रात्री दोन वाजता सर्व्हर पडतो, ऑन-कॉलवाल्याचा फोन वाजतो, आणि सगळं ठीक झाल्यावर आम्ही पोस्टमॉर्टेम लिहितो: काय झालं, कशामुळे झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. कोयनेतही तेच झालं. धरणाला तडे गेले होते, ते भरले गेले आणि धरणाला मागून काँक्रीटचा आधार देऊन ते मजबूत केलं गेलं. जलाशयातल्या पाण्याचा आणि या धक्क्यांचा संबंध काय, याचा अभ्यास जगभरचे शास्त्रज्ञ गेली अनेक दशकं करत आहेत. त्यासाठी गोठणे गावात तीन किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं, आणि कराडला त्याचसाठी प्रयोगशाळा आहे. हा “का?” प्रामाणिक आहे. तो पुढच्या माणसाचा जीव वाचवतो. चांगल्या पोस्टमॉर्टेमचा एक नियम असतो, त्यात कोणा एकाला दोषी ठरवायचं नसतं.

येशू अडवतो तो दुसरा “का?”. मेलेल्याच्या खात्यात पाप शोधणारा. तो प्रश्न कोणाला वाचवत नाही, फक्त विचारणाऱ्याला थोडा वेळ सुरक्षित वाटू देतो. त्यांनी काहीतरी केलं होतं, मी केलेलं नाही, म्हणून माझं छप्पर टिकेल.

या मोहातून मोठी माणसंही सुटत नाहीत. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला, तेव्हा गांधीजींनी जाहीरपणे म्हटलं की ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोर स्वतः अस्पृश्यतेचे विरोधक, तरी त्यांनी हरकत घेतली. गांधीजींचा मोठेपणा असा की त्यांनी ती हरकत आपल्याच ‘हरिजन’ मध्ये छापली. अस्पृश्यता पाप होतंच, यात शंका नाही. पण ढिगाऱ्याखाली कोण सापडलं? ज्यांच्यावर ते पाप झालं, तेही.

आता आपल्या मंडळीतलं बोलू. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, आमच्या तरुण संघातल्या एका मित्राचे वडील गेले. ऑक्सिजनच्या रांगेत. आठवड्याभराने झूमवर प्रार्थनासभा होती, आणि प्रार्थना करता करता कोणीतरी म्हणून गेलं की घरात कुठेतरी दार उघडं राहिलं असेल, म्हणून शत्रूला जागा मिळाली. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. असले शब्द आपण कुठल्या तरी व्हिडिओतून उचलतो आणि औषध म्हणून वाटतो. मित्राने कॅमेरा बंद केला. त्यानंतर तो मंडळीत आलेला नाही. ख्रिस्तावरचा त्याचा विश्वास गेला असं मी म्हणणार नाही, ते देवाला माहीत. पण आपल्यावरचा गेला.

आणि हेच वाक्य उलटं करूनही आपण बोलतो, तेव्हा ते साक्ष वाटतं. आम्ही रोज कुटुंबप्रार्थना करतो म्हणून आमच्या घरात कोणाला काही झालं नाही. हालेलूया! शेवटच्या रांगेत बसलेल्या विधवेला त्याचा अर्थ बरोबर कळतो. उपकारस्तुती जरूर करा, आजीही करायची. फक्त त्या ‘म्हणून’ शब्दाकडे लक्ष ठेवा.

उताऱ्यातली कठीण ओळ मी टाळून जाणार नाही. येशू दोन्ही वेळा म्हणतो की तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही तसाच नाश होईल. म्हणजे फिरून तेच झालं ना, पाप आणि शिक्षा? मलाही बरीच वर्षं तसं वाटायचं. पण बघा, त्याने बोट कोणाकडे वळवलं. मेलेल्यांबद्दल तो एक शब्दही बोलत नाही. जिवंत उभ्या असलेल्यांकडे वळतो. आणि लगेच, श्वास न घेता, अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगतो. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक, माळी म्हणतो एवढं एक वर्ष राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. ते झाड उभं राहिलं ते त्याच्या गुणांमुळे नव्हे. कोणीतरी मध्ये पडलं म्हणून. वाचलेल्या माणसाकडे असतं ते असं वाढवून मिळालेलं वर्ष. आजी शेजारच्या घराचं नाव घेऊन गप्प व्हायची, तेव्हा तिला हेच कळलेलं असावं.

त्या वर्षात करायचं काय? याचं उत्तर मला योहानाच्या नवव्या अध्यायात सापडतं. जागा पुन्हा तीच, शिलोह. जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही पर्याय खोडतो. म्हणतो, दिवस आहे तोवर, ज्याने मला पाठवलं त्याची कामं आपल्याला केली पाहिजेत. मग थुंकी टाकून चिखल करतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. योहान मुद्दाम सांगतो की शिलोह या नावाचा अर्थच ‘पाठवलेला’. २००४ मध्ये यरुशलेमात सांडपाण्याच्या पाइपचं काम चालू असताना त्या तळ्याच्या पायऱ्या अचानक सापडल्या. त्या पायऱ्या तो चाचपडत उतरला असेल, चेहऱ्यावर चिखल घेऊन.

आपल्या मराठी मंडळीत हा अध्याय जगलेली एक बाई होऊन गेली. पंडिता रमाबाई. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात, तीर्थयात्रा करत फिरणाऱ्या या कुटुंबातले वडील, आई आणि मोठी बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ उरले. पाप कोणाचं, हा प्रश्न विचारायचा हक्क कोणाला असेल तर त्यांना होता. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिथे गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना शेकड्यांनी घेऊन आल्या. त्यातून केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. त्या मुलींना भुकेचं स्पष्टीकरण लागत नव्हतं. भुकेलेली राहिलेली एक बाई त्यांना ओळखत होती, जेवायला घालत होती.

माझ्या त्या मित्राबद्दल एक सांगायचं राहिलं. मंडळीतल्या एका मावशींनी त्या दिवसांत सलग तीन आठवडे त्याच्या दाराशी डबा ठेवला. बेल वाजवायची, लांब उभं राहायचं, हात हलवायचा आणि निघायचं. प्रार्थना मोठ्याने म्हटली नाही, वचन पाठवलं नाही. आज मंडळीतल्या कोणाचाही फोन तो घेत नाही, त्यांचा घेतो. या नाताळात त्या त्याच्याकडे करंज्या घेऊन जाणार आहेत. मी विचारलंय, मी सोबत येऊ का. त्या म्हणाल्या, ये, पण गप्प बसायचं.

प्रार्थना: प्रभू येशू, तुला त्या अठरा जणांचा आकडा माहीत होता. कोयनेच्या त्या पहाटे गेलेल्यांची, रांगेत गेलेल्यांची नावं तुझ्याजवळ आहेत. जे मागे राहिले त्यांच्या दाराशी आम्हाला पाठव, आणि तिथे गेल्यावर आमची तोंडं आवर. आमच्या मुळांभोवती अजून एक वर्ष खण. आमेन.