मुक्कामाचे गाव

जैसलमेरास जाणाऱ्या पुष्कळ प्रवाशांच्या मनात जैसलमेर नसते, थरचे वाळवंट असते. गावात सामान टाकावे, आणि तेथून कधी चाळीसएक किलोमीटरांवरील समच्या वाळूच्या टेकड्या, कधी कुलधऱ्याचे ओसाड गाव, कधी माळढोकाच्या आशेने मरुभूमी राष्ट्रीय उद्यान पाहून यावे, असा त्यांचा क्रम. (तिकडे माळढोकास गोडावण म्हणतात. आपल्या सोलापूरकडील नान्नजच्या माळावर तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे.) आता, गावाचा असा केवळ उतारा म्हणून उपयोग करण्यात गैर ते काय, असे कोणी विचारील. धर्मशाळेत उतरणारा वाटसरू काही धर्मशाळेची पूजा करीत नाही.

शिवाय हे गाव पूर्वापार मुक्कामाचेच. ११५६ मध्ये रावळ जैसलाने त्रिकूट टेकडीवर किल्ला वसविला, तो उंटांच्या तांड्यांच्या वाटेवर. तांड्यांना येथे विसावा व पाणी मिळे, राज्याला जकात मिळे, आणि पटव्यांच्या हवेल्यांचे ते नक्षीदार सज्जे व्यापाराच्या पैशावरच उभे राहिले. पुढे मालाची ने-आण मुंबईसारख्या बंदरांतून होऊ लागली. १९४७ च्या फाळणीने उरलीसुरली वाटही बंद झाली. तेव्हा आजचा प्रवासी हा त्या तांड्याचाच वारस, असे म्हणण्याचा मोह होतो.

पण तांडेवाला पाण्याची किंमत जाणून होता. येथे वर्षाकाठी पाऊस पडतो तो वीस सेंटिमीटरांच्या आसपास. गावाने शतकानुशतके गडीसर तलावावर तहान भागविली. आसपासच्या पालीवालांनी खडीन बांधले: उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब बांध घालावयाचा, वाहून येणारे पाणी अडवावयाचे, आणि ते मुरले की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरावयाचा. थेंब न् थेंब हिशेबात धरणाऱ्या या लोकांनी किल्ला बांधला तोही डोक्यावरून घागरी वाहून आणण्याच्या बेताने. आज त्याच किल्ल्यात नळ आहेत, प्रवाशांसाठी न्हाणीघरे आहेत. आणि सांडपाणी टेकडीच्या मऊ थरांत झिरपून पाया भुसभुशीत करीत आले आहे. काही बुरूज ढासळले, काही इमारती कोसळल्या. २०१३ मध्ये युनेस्कोने ज्यास जागतिक वारसा म्हणून गौरविले, तो हाच किल्ला; आणि त्यात आजही हजारो माणसे राहतात.

प्रवासी म्हणेल, मी भाडे मोजले आहे. खरे आहे, परंतु ते खोलीच्या मालकास पोचले, तटास पोचले नाही. उलट, दोष सारा पाहुण्यावर टाकणेही आम्हांस न्याय्य वाटत नाही. राहत्या घरातील दोन खोल्या भाड्याने देऊन ज्याची मुले शिकतात, त्याला ‘वारशासाठी उपाशी राहा’ असे सांगण्याचा अधिकार, दोन रात्री राहून वाळूचे फोटो घेऊन परतणाऱ्यास कोठून आला? गटारांची नीट व्यवस्था लावणे हे सरकारचे काम होय, आणि ते झाल्यावाचून हा वाद मिटणार नाही.

तोवर आमचे मत असे की, मुक्काम किल्ल्याखाली करावा. त्याने वरच्या गृहस्थाचे भाडे बुडते, हे आम्ही जाणतो. म्हणून किल्ल्यावर एक दिवस सावकाश घालवावा, जेवावे वर, खरेदी वर करावी, आणि समची जीप दुसऱ्या दिवशी सांगावी.